उलटी रापण

पुष्कळ माणसं एकाच दोराला लागली की त्यांचा श्वासही एक होतो. धोंडूने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एवढासा होता, आईच्या कुशीत निजलेला. पहाटेच्या काळोखात, माडांच्या पलीकडून, किनाऱ्यावरून तो यायचा. गाणं नव्हे, हाक नव्हे, नुसता श्वास. आत घेतलेला, थोडा थांबलेला, मग सगळ्यांनी मिळून सोडलेला. एखादं मोठं जनावर अंधारात बसून धापा टाकतंय असं त्याला वाटायचं आणि तो आईचं लुगडं घट्ट धरायचा. आई अर्धवट झोपेत म्हणायची, "गप नीज रे. रापण ओढतत ते. बापूस तुझो आसा थंय."

मोठा झाल्यावर धोंडू स्वतःच त्या श्वासातला एक झाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात जायची, मोठा अर्धा गोल मारून परत यायची, आणि जाळ्याच्या दोन्ही बाजूंचे दोर वाळूवर उभ्या असलेल्या माणसांच्या हातात पडायचे. अर्धी वाडी या दोराला, अर्धी त्या दोराला. तोंड दर्याकडे, टाचा वाळूत रोवलेल्या, आणि एकेक पाऊल मागे सरत जायचं. बायका यायच्या, वाटेने जाणारा पाहुणाही हात लावायचा. कोणी कोणाला नको म्हणत नसे.

ते आता सरलं. मोठ्या इंजिनांचे ट्रॉलर आले, मासळी किनाऱ्याला यायची थांबली. रापणीतले काही मुंबईला गेले, काहींनी खानावळी काढल्या, आणि बरेचसे एकेक करून वर गेले. जाळं कोणाच्या तरी माळ्यावर उंदरांनी खाल्लं. रापणीची जागा मात्र मोकळीच राहिली होती, मालवणच्या बंदरापासून थोडी बाजूला, माड संपतात तिथे. त्या जागेवर या वर्षी दिवाळीनंतर आकाशपाळणा उभा राहिला.

पाळणा मोठा होता. पांढरं लोखंडी चाक, त्याला पिवळे-निळे डबे टांगलेले. संध्याकाळी दिवे लागले की पाण्यात त्याचं दुसरं चाक फिरायचं. देवगडपासून माणसं बघायला येत होती. उभारणाऱ्या मंडळींनी नारळ फोडला, पेढे वाटले. जागेचं रक्षण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, परवानगी मागणारं गाऱ्हाणं तेवढं कोणी घातलं नाही, कारण ते घालणारा रापणीचा म्होरक्या, महादू तांडेल, आता राहिला नव्हता. नवीन पोरांना ते शब्द येत नव्हते. आणि धोंडूला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर एक दिवस धोंडू आणि त्याची बायको सुभद्रा बाजारात आली ती चष्म्यासाठी. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आता दुकानातून चष्मा तेवढा घ्यायचा होता. दुकानदाराने तो तिच्या नाकावर चढवला तशी ती थोडा वेळ नुसती बघतच राहिली. मग धोंडूकडे वळून म्हणाली, "चष्म्याआधी तुमी बरे दिसत होतास."

दुकानदार हसला. धोंडूही हसला. पुष्कळ वर्षांनी तिने त्याचा चेहरा नीट पाहिला होता.

परतताना ती लहान पोरीसारखी चालत होती. दिसेल ते वाचत होती, मोजत होती. त्या माडावर नारळ किती, त्या होडीवर नाव काय, लांब खडकावर बसलेला पक्षी बगळा की घार. किनाऱ्याच्या रस्त्याने यायचा हट्ट तिचाच. आणि पाळण्यासमोर आल्यावर तिचे पाय थांबले.

"माका थंय बसाक होया," ती म्हणाली.

"वर? खुळी काय तू?"

"खुळी तर खुळी."

"गो, ह्या वयात..."

सुभद्रा गप्प झाली. ती गप्प झाली की धोंडू घाबरायचा. थोड्या वेळाने ती समुद्राकडे बघत म्हणाली, "भाई गेलो ती जागा माका कधी नीट दिसाकच नाय. इतकी वर्सां नुसता धुक्यासारखा दिसला. आता दिसता, तर एकदा वरसून बघूचा आसा माका."

भाई म्हणजे सुभद्रेचा थोरला भाऊ. रापणीची होडी तो न्यायचा. एका सकाळी जाळं सोडून परत येताना होडी लाटेत उलटली. होडी मिळाली, वल्हं मिळालं, जाळंही मिळालं. भाई मिळाला नाही. सुभद्रेचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर ती किनाऱ्यावर मासे घ्यायला जायची, कपडे वाळत घालायची, पण समुद्राकडे तोंड करून उभी राहिलेली धोंडूने तिला कधी पाहिली नव्हती.

धोंडूने मग खिशातून तिकिटाचे पैसे काढले.

पाळण्याच्या बाजूला दाजी शहाळी विकत बसला होता. दाजी धोंडूच्याच बरोबरीचा, रापणीत दोराला त्याच्यामागचा गडी. त्याने सगळं ऐकलं होतं. "वैनी," तो कोयता बाजूला ठेवून म्हणाला, "धोंडूक पण वर न्या. मेलो सगळो जन्म दर्यात काढल्यान नि पाळण्याक भियता!"

"तुझा शहाळा सोल तू," धोंडू म्हणाला.

पण खरं होतं ते. होडीत त्याला कधी काही झालं नाही, माडावर मात्र चार हात चढला की त्याचं डोकं गरगरायचं. सुभद्रेला ते ठाऊक होतं. तिने त्याला आग्रह केला नाही. पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "हयसरच रवा. खंय जाव नकात."

"मी खंय जातंय?"

पाळणा चालवणारा कौस्तुभ मिठबावचा. शांत माणूस. त्याने सुभद्रेला हात धरून डब्यात बसवलं, दांडी लावली, कडी घातली, दोनदा हलवून बघितली. गर्दी नव्हती. कोल्हापूरचं एक कुटुंब होतं, पलीकडच्या डब्यात एक नवं जोडपं. सुभद्रा एकटीच बसली. सूर्य नुकताच पाण्यात गेला होता आणि आभाळ हळदकुंकवासारखं झालं होतं. चाक फिरू लागलं. पहिल्यांदा वर जाताना सुभद्रेने दांडी दोन्ही हातांनी धरली होती. दुसऱ्यांदा तिने एक हात सोडला आणि खाली बघून हलवला. धोंडूनेही पिशवी धरलेला हात हलवला. तिला असं हसताना त्याने कधी पाहिलं होतं? आठवून बघितलं, आठवलं नाही.

तिसरा फेरा सुरू झाला आणि दिवे गेले.

पाळण्याचेच नव्हे. रस्त्यावरचे, दुकानांचे, पार बंदरापर्यंतचे. सगळा किनारा एका क्षणात काळवंडला. चाक थोडं आपल्या वजनाने सरकलं, कुरकुरलं आणि थांबलं. सुभद्रेचा डबा खालून थोडाच वर गेला होता, घराच्या कौलांएवढा. तिचं पांढरं डोकं धोंडूला दिसत होतं.

"लाइट येतली इतक्यात," दाजी म्हणाला.

लाइट आली नाही. कौस्तुभने जनरेटर लावून पाहिला. तो दोनदा खोकला आणि गप्प झाला. समुद्रावरून वारा उठला, तसे डबे झुलायला लागले. वरच्या डब्यात कोल्हापूरवाल्यांचं मूल रडू लागलं. त्याची आई वरून ओरडून विचारत होती, किती वेळ, किती वेळ.

"हाताने फिरवता येतं," शेवटी कौस्तुभ म्हणाला. "ब्रेक सोडायचा, चाकाला दोर बांधायचा आणि ओढायचं. पण माणसं लागतील."

"तर पयली तिका खाली घे," धोंडू म्हणाला. "ती जवळच आसा."

"तसं नाही होत आजोबा. हे एकाच बाजूने फिरतं. मागे घेतलं की आतली खिटी अडकते. आजींना वरून पूर्ण फिरून यावं लागेल. त्या शेवटी उतरतील."

दाजीने हाका मारल्या. भेळवाला आला, होड्या चालवणारी तीन-चार पोरं आली. कौस्तुभने जाड नायलॉनचा दोर आणला, चाकाच्या कडेला गाठ मारली आणि उरलेला दोर वाळूवर सोडला. दोर समुद्राच्या दिशेने पडला. तो बघून धोंडू पुढे झाला.

"असो नाय," तो म्हणाला. "दर्याकडे पाठ करून दोर ओढूचो नसता."

"का आजोबा?"

धोंडूला का ते सांगता येईना. ते कोणी कधी सांगितलंच नव्हतं. दर्यातलं जमिनीवर ओढायचं असतं. तोंड दर्याकडे ठेवायचं असतं. एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं. कौस्तुभने हाताने दाखवलं. दुसऱ्या बाजूला टपऱ्या, गाड्या, लोखंडी कठडा. माणसांना मागे सरायला जागा होती ती फक्त समुद्राकडे.

"धोंडू," दाजी हळूच म्हणाला, "बायल वर आसा तुझी."

धोंडूने पिशवी खाली ठेवली आणि दोर हातात घेतला. चाकाला सगळ्यांत जवळ तो, कारण त्याला तिच्याजवळ राहायचं होतं. त्याच्यामागे दाजी. दाजीमागे भेळवाला, मग पोरं. त्यांच्यामागे वाळू, आणि वाळूमागे काळोख.

"हाय रेss, ओढा!" दाजीने जुना पुकारा केला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून तो आपोआप आला.

पहिल्या ओढीला चाक हललं नाही. दुसऱ्या ओढीला लोखंड कुरकुरलं. तिसऱ्या ओढीला हातभर सरलं. धोंडूच्या पाठीतून कळ निघाली. वर सुभद्रेचा डबा थोडा उंच गेला. पुन्हा ओढ, पुन्हा हातभर. एक डबा खाली आला तसा कौस्तुभने ब्रेक दाबला आणि नव्या जोडप्याला उतरवलं. ती दोघं कोणाकडे न बघता रस्त्याकडे पळाली. दोराची गाठ सोडून पुढे बांधली. पुन्हा ओढायला सुरुवात झाली.

आणि तेव्हा दोर हलका झाला.

धोंडूला बरं वाटलं. आणखी माणसं आली असतील, त्याने मनात म्हटलं. अडल्या वेळी अजून येतात माणसं. चाक आता सहज सरत होतं. कोल्हापूरवाले खाली आले, आईने मूल पोटाशी धरलं, बाप कौस्तुभला काहीतरी म्हणाला आणि तेही गेले. राहिली एकटी सुभद्रा, चाकाच्या पार माथ्याकडे निघालेली.

मागून श्वास येत होता. आत घेतलेला, थोडा थांबलेला, मग सगळ्यांनी मिळून सोडलेला. धोंडूचं अंग त्या श्वासात आपोआप मिसळलं. कितीतरी वेळ त्यात वावगं काही आहे हे त्याला कळलंच नाही. मग वास आला. भिजलेल्या काथ्याचा, जुन्या शेवाळाचा. त्याने हातातला दोर चाचपला. नायलॉनचाच होता, गुळगुळीत आणि कोरडा.

"अवो..." वरून सुभद्रेची हाक आली. "ऐकतास?"

"ऐकतंय गो! भिया नको!"

"मी नाय भियत. वरसून बरा दिसता." तिचा आवाज वाऱ्याबरोबर येत-जात होता. "कितकी माणसां जमवल्यात तुमी!"

"दाजी आसा," धोंडू धापा टाकत ओरडला. "भेळवालो आसा, होडयेचे झिल आसत."

"ते नाय ओ. तेंच्या मागे... पार पाण्यापर्यंत आसत."

धोंडूने मान वळवली नाही. हात ओढत राहिले. मागे दाजीचं पाऊल चुकलं, पुन्हा लयीत आलं.

"महादू तांडेल पण इलो हा," सुभद्रा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, जत्रेत ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. "डोक्याक तसोच पंचो... अवो, ह्ये सगळे आपलेच मगे!"

महादू तांडेलाला धोंडूने स्वतः खांदा दिला होता.

"नवो चष्मो आसा," धोंडू पुटपुटला. "काळोख आसा. तिका कायतरी दिसता."

"धोंडू..." दाजीचा आवाज अगदी कानाशी आला. "मागे बघू नको."

"तू बघितलंस?"

"नाय... माझ्यामागे जो आसा, तेचो श्वास माझ्या मानेर लागता. थंड आसा."

"भेळवालो आसात."

दोन ओढी झाल्या, तीन झाल्या. मग दाजी म्हणाला, "भेळवालो थंय आसा. उजवीकडे बघ... मान वळवू नको, नुसते डोळे फिरव."

धोंडूने डोळे फिरवले. कठड्याजवळ भेळेच्या गाडीवर बॅटरीचा एक छोटा दिवा जळत होता. त्याच्या उजेडात भेळवाला उभा होता, आणि होडीची पोरंही. सगळी एकमेकांना चिकटून. त्यांनी दोर कधी सोडला कोणास ठाऊक. ती दोराकडे बघत होती. धोंडू-दाजीकडे नव्हे. त्यांच्या बऱ्याच मागे.

आणि चाक फिरत होतं.

"सोडूया काय?" दाजी रडवेला झाला होता.

"ती वर आसा," धोंडू म्हणाला.

समोर ब्रेकपाशी कौस्तुभ होता, समुद्राकडे तोंड करून. अंधारातही त्याचा चेहरा धोंडूला दिसत होता. कौस्तुभने एकदा मान वर करून त्यांच्या पाठीमागे पाहिलं. मग हळूच मान खाली घातली, ती पुन्हा वर केली नाही.

सुभद्रेचा डबा माथ्यावर आला. तिथे वारा जास्त असावा, डबा हेलकावे खात होता.

"भाई!" सुभद्रा ओरडली.

तो आवाज तिचा नव्हता, म्हणजे आताचा नव्हता. लग्न होऊन घरात आली तेव्हा माहेरचं माणूस दारात दिसलं की ती अशी ओरडायची.

"भाई रे... कितको भिजलंस तू! आवशीक सांगतंय हां मी... थांब, मी येतंय खाली. थांब थंय."

"सुभद्रा!" धोंडू ओरडला. "त्याच्याकडे बघू नको गो! माझ्याकडे बघ! हयसर, माझ्याकडे!"

वरून उत्तर आलं नाही. त्यानंतर काहीच आलं नाही. नुसता तो श्वास, मागून, पाण्यापर्यंत पसरलेला, आणि लोखंडाची कुरकुर. धोंडू आता ओढत नव्हता. त्याचे हात दोरावर होते एवढंच. दोर त्याच्या तळव्यांतून मागे सरकत होता, आणि तळवे सोलवटत होते. सोडावं असं त्याला हजारदा वाटलं. पण वर जी होती ती त्याची होती, आणि चाकाच्या माथ्यावर तिला तशी टांगून ठेवून दोर सोडायला त्याचा हात उघडला नाही. डबा उतरत होता. माडाएवढा. कौलांएवढा. माणसाएवढा.

ब्रेक लागला. डबा जमिनीशी थांबला. दोर एकदम सैल पडला.

धोंडूचे तळवे पेटल्यासारखे झाले होते. रापणीत दोराने हात सोलले की वाळूत खुपसायचे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तो जागच्या जागी वळला आणि खाली बसला. समुद्राकडे बघायचं नाही म्हणून डोळे घट्ट मिटले, हात थंड वाळूत घातले. पाठ डब्याकडे होती. आता उठायचं, तिला हात द्यायचा, घरी न्यायचं, दार लावून घ्यायचं. एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

मागून कोणीतरी विचारलं, "ह्यो कोणाचो?"

साधा, दमलेला, रोजचा आवाज.

"भाईचो," धोंडू म्हणाला.

म्हणाला, आणि मग त्याला कळलं की आपण काय म्हणालो.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. रापण ओढून झाली की मासळीचे ढीग वाळूवर लागायचे. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, मग तो वाडीतला असो की वाटसरू. भांडण नको म्हणून रीत अशी होती, की एकाने ढिगांकडे पाठ करायची. दुसऱ्याने एकेका ढिगाला हात लावून विचारायचं, ह्यो कोणाचो? पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. ढीग लहान निघो की मोठा, एकदा घेतलेलं नाव फिरवायचं नाही. महादू तांडेल विचारायचा, आणि पाठ करून बसायचा तो धोंडू, कारण धोंडूच्या मनात कोणाविषयी काही नसतं असं सगळे म्हणत. पहिलं नाव तो नेहमी भाईचं घ्यायचा. जाळं घेऊन पाण्यात जाणारा तो, म्हणून पहिला मान त्याचा. भाई बुडाल्यावरही त्या मोसमात धोंडूच्या तोंडून पहिलं नाव तेच निघत राहिलं, आणि तो वाटा सुभद्रेच्या आईच्या दारात जात राहिला. जिभेला बसलेलं नाव ते. हात वाळूत, पाठ वळलेली, मागून तोच प्रश्न त्याच चालीत... उत्तर त्याने दिलं नव्हतं. त्याच्या तोंडाने दिलं होतं.

"नाय," तो धडपडत उठला. "नाय रे. चुकलंय मी. ती माझी... तांडेला, ती माझी बायल आसा..."

दाजी वाळूत गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हातांनी कान झाकून. कौस्तुभ ब्रेकच्या दांड्याला टेकून होता, डोकं गुडघ्यांत. डब्याजवळ कोणी नव्हतं. कडी मात्र निघालेली होती आणि दांडी वर होती.

सुभद्रा उतरत होती. सावकाश, एक पाय, मग दुसरा. अंगावर ओरखडा नाही, साडीची घडी विस्कटलेली नाही. चष्मा नाकावर तसाच. धोंडूचा जीव भांड्यात पडला. तो पुढे झाला. सोललेला हात त्याने तिच्यापुढे धरला.

"चल गो," तो म्हणाला, "घराक जावया."

सुभद्रेने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती नव्हती, दुःखही नव्हतं. वाटेत परक्या घरचा पुरुष समोर आला तर बाई जशी बघते, तेवढंच तिने पाहिलं. मग तिने मान खाली घातली, डोक्यावरून पदर ओढून घेतला, आणि त्याला वाट देण्यासाठी थोडी बाजूला सरून उभी राहिली.

इतक्या वर्षांच्या संसारात तिने धोंडूसमोर असा पदर कधी घेतला नव्हता.

"सुभद्रा... मी गो. मी..."

तेवढ्यात लाइट आली. पाळण्याचे सगळे दिवे एकदम लागले, लाल, निळे, हिरवे. किनारा पाण्यापर्यंत उजळला. वाळूवर कोणी नव्हतं. दोर सरळ पडला होता, ताणून ठेवल्यासारखा. सुकती लागलेली, पाणी पार लांब गेलेलं, आणि मधली वाळू रंगीत उजेडात कोरडी ठणठणीत दिसत होती.

सुभद्रा त्याच्या बाजूने पुढे गेली. रस्त्याकडे नाही. दोराच्या बाजूबाजूने, समुद्राकडे. धोंडू तिच्यामागे धावला, पण दोराच्या टोकाशी येऊन थांबला. त्याने जे पाहिलं ते मागून आलेल्या दाजीनेही पाहिलं. ती पाऊल टाकायच्या आधी तिच्यापुढची वाळू ओली होत होती. एकेक पावलाएवढी, तिच्या पावलाहून थोडी मोठी. ती त्या ओल्या ठशावर पाय ठेवत होती, तो उचलेपर्यंत पुढचा ठसा उमटत होता.

"सुभद्रा!" धोंडूने हाक मारली. मग पुन्हा मारली, लग्नाआधीच्या तिच्या नावाने. आवाज त्याच्या छातीतून निघाला आणि पाळण्याच्या कुरकुरीत विरून गेला, कारण चाक पुन्हा फिरायला लागलं होतं, रिकामंच.

तिने मागे पाहिलं नाही. उजव्या बाजूला कोणाचा तरी हात धरल्यासारखा तिचा हात किंचित वर उचललेला होता, आणि ती चालत गेली.